कोणतेही पाच सोडवा

सातवीत आमच्या वर्गात एक्केचाळीस मुलंमुली होती. लेखी परीक्षेत पहिला नंबर बहुधा माझा येई, तोंडी हिशेबात मात्र तो कधीच आला नाही. तिथं टेलर मास्टरची मुलगी पहिली असायची आणि मी फार तर दुसरा.

रोज प्रार्थना आणि हजेरी आटोपली की गुरुजी टेबलाला टेकून उभे राहत. "एका सदऱ्याला पावणेतीन मीटर कापड. सात सदऱ्यांना किती?" काहीजण बोटं मोजायला लागत. मी मनातल्या मनात एकवीसमधून पावणेदोन वजा करायला घेई, तोवर मुलींच्या रांगेतून उत्तर आलेलं असे, "सव्वा उन्नीस." मागच्या बाकावरचं कुणीतरी खिदळे. गुरुजी म्हणत, "एकोणीस म्हण बेटा. पण हिशेब बरोबर आहे."

तिच्या वडिलांचं दुकान सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. शाळा सुटली की ती दुकानाच्या पायरीवर बसे आणि कुणाला किती कापड लागेल ते वडिलांच्या टेपेआधी सांगून टाके. घरात सगळे दखनी उर्दू बोलत. तिचे चुलतभाऊ उर्दू शाळेत जात, पण हिला वडिलांनी मुद्दाम मराठी शाळेत घातलं होतं. सरकारी दफ्तराची नोटीस आली की ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, घरात एक तरी मराठी वाचणारं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सोबत एक अटही होती. सातवी नीट पास झाली तर आठवी, नाहीतर शाळा बंद आणि शिलाई मशीन. ही अट सगळ्या वर्गाला ठाऊक होती, कारण ती स्वतःच सांगायची, उद्या शनिवार आहे असं सांगावं तितक्या सहज.

त्या वर्षी सहामाहीला पहिल्यांदाच छापील पेपर आले. त्याआधी गुरुजी फळ्यावर प्रश्न लिहीत. गणिताचा पेपर वाटला तेव्हा त्या जाड, सरळ अक्षरांचाच आम्हाला रुबाब वाटला होता. मी लिहीत होतो, आणि मध्येच मान वर केली तर टेलर मास्टरची मुलगी हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत बसलेली. अर्धा वेळही झाला नव्हता. मला वाटलं, हिचं सगळं झालं, या खेपेला माझा नंबर गेला.

पेपर परत मिळाले तेव्हा तिला शंभरात वीस होते. तिनं एकच उदाहरण केलं होतं, दोन नळ हौद भरतात आणि तिसरा रिकामा करतो ते, सगळ्यात अवघड. त्याला वीसपैकी वीस. बाकीची पानं कोरी. गुरुजींनी विचारलं, "तब्येत बरी नव्हती का?" ती म्हणाली, "होती." आणखी विचारलं तर पुन्हा तेवढंच म्हणाली. गुरुजींना तो उद्धटपणा वाटला असावा, कारण त्यांनी तिला बस म्हणून सांगितलं आणि दोन दिवस तोंडी हिशेबात तिच्याकडं बघितलंच नाही.

शनिवारी सकाळची शाळा असे. तास चालू असतानाच तिचे वडील दारात उभे राहिले, गळ्यात टेप तशीच.

"सलाम मास्टरजी."

"या मास्टर, या. बसा."

हा त्या दोघांचा जुना विनोद होता. गुरुजींचे सदरे त्याच दुकानात शिवले जात आणि दोघं एकमेकांना मास्टर म्हणत. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"बसत नाही. पोरीचा दाखला न्यायला आलो."

"असं एकदम?"

"एकदम कुठं? मी पहिल्यापासून बोललो होतो. वीस नंबर आले, मास्टरजी. वीस! हिच्या फूफीनं मशीन पण बघून ठेवली."

"पोरगी हुशार आहे हो."

"हुशार है तो नंबर किदर गए?"

गुरुजींनी तिला पुढं बोलावलं, टेबलावरचा पेपर उचलला आणि पहिलं उदाहरण मोठ्यानं वाचलं. तिनं खडू न घेताच उत्तर दिलं. दुसरं वाचलं, तेही आलं. तिसऱ्याला तिनं फळ्याच्या कोपऱ्यात एक छोटा भागाकार केला. राहिलेली पाचही झाली. वडील दाराची चौकट धरून ऐकत होते.

"सगळी येतात. मग त्या दिवशी का नाही केलीस?"

तिनं एकदा वडिलांकडं बघितलं. "पेपरातच लिहिलं होतं ना गुरुजी. पाच सोडा म्हणून."

"कुठं लिहिलंय?"

तिनं बोट ठेवून वाचलं, "'खालील सहा प्रश्नांपैकी कोणतेही पाच सोडवा.' मी पाच सोडली. एक राहिलं, ते केलं."

"मग हौदाचंच का केलंस?"

"एकच करायचं तर सोपं कशाला करायचं?"

वर्गात असा हशा उठला की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. वेरूळकडून मामाकडं शिकायला आलेला एक मुलगा ओरडला, "गुरुजी, पुढच्या टायमाला म्या सहाबी सोडतो!" गुरुजी मात्र हसले नाहीत. ते खुर्चीत बसले. वर्ग चालू असताना ते खुर्चीत बसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

"गप बसा रे," ते म्हणाले. मग तिच्या वडिलांकडं वळले. "मास्टर, मी निजामाच्या राज्यात मॅट्रिकपर्यंत उर्दूत शिकलो. बेरजेला जमा, वजाबाकीला तफरीक, गुणाकाराला जरब, भागाकाराला तकसीम. घरात मराठी आणि शाळेत उर्दू. पोलीस ॲक्शन झालं, शाळा मराठी झाल्या, आणि मी ट्रेनिंगला गेलो. पेपरात पहिलाच प्रश्न, 'अवयव पाडा.' मला अवयव म्हणजे हात-पाय एवढंच ठाऊक. म्हटलं, कुणाचे पाडायचे?"

आम्ही पुन्हा हसलो. या खेपेला त्यांनी हसू दिलं.

"शेजारच्याला विचारावं तर सुपरवायझर डोक्यावर उभा. कोरं ठेवून आलो. नापास झालो. माझी तर घरची भाषा मराठी होती." मग ते म्हणाले, "मला अजून 'सोडवा' म्हणायची सवय नाही. आम्ही 'हल करो' म्हणायचो, म्हणून मी 'करा' म्हणतो. हिनं तो शब्द माझ्या तोंडून ऐकलेलाच नाही."

वडिलांचा राग उतरला होता, पण काळजी वाढली होती. "एक लफ्ज चुकला तर ऐंशी नंबर गेले. आठवी-नववीत असे किती लफ्ज आहेत, मास्टरजी?"

"मोजले नाहीत. पुष्कळ असतील."

"आणि तिथं तुम्ही नसणार."

"नसणार."

गुरुजींनी खोटा धीर दिला नाही, आणि माझ्या मते त्यामुळंच तिच्या वडिलांनी ऐकलं. गुरुजी म्हणाले, "वार्षिकपर्यंत थांबा. दाखला मी केव्हाही लिहून देतो." वडिलांनी मुलीकडं बघितलं, गळ्यातली टेप सारखी केली आणि म्हणाले, "वार्षिक तक. बस."

सोमवारपासून तोंडी हिशेबानंतर एक नवा नेम सुरू झाला. प्रत्येकानं पुस्तकातला न समजलेला एक शब्द विचारायचा. पहिल्या दिवशी कुणी उठेना. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जणांना सगळं येत होतं. शेवटी तीच उठली. "गुरुजी, परिमिती म्हणजे काय?" मागून आवाज आला, "सोडून दे!" तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

तीन-चार दिवसांनी वेरूळकडचा तो मुलगा डोकं खाजवत उभा राहिला. "गुरुजी, ते 'अनुक्रमे' म्हंजी काय व्हय? लई ठिकाणी येतंय." आम्ही हसलो. गुरुजी म्हणाले, "हसणाऱ्यांनी सांगा." बाकी एकालाही सांगता येईना. मला आलं, आणि ते का आलं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. माझे वडील कचेरीत कारकून होते. थोरल्या भावाचे जुने पेपर घरात पडलेले असत आणि संध्याकाळी वडिलांचं ठरलेलं वाक्य असे, "दोन उदाहरणं सोडव, मग जेवायला बस." असे शब्द मी शिकलोच नव्हतो. ते आमच्या घरात कणकेच्या डब्यासारखे रोजचेच होते.

मला आकड्यांची सवय आहे, म्हणून पुढं मी आठवून आठवून हिशेब केला. आमच्या वर्गातले त्या सहामाहीचे पहिले पाच नंबर घ्या. पाचही घरांत कुणीतरी कचेरीत किंवा शाळेत नोकरीला होतं. उरलेल्या छत्तिसांपैकी तशी घरं मला तीनच आठवतात. वेरूळकडच्या मुलाच्या घरी मराठीशिवाय दुसरं काही बोलत नसत, तरी पेपरातली मराठी त्याला परकीच होती. आम्ही पाचजण हुशार नव्हतो असं मी म्हणणार नाही. पण परीक्षेच्या खोलीत आम्ही शिरत होतो ते आधीच ओळखीच्या घरात शिरल्यासारखे. आता माझ्या मुलाच्या शाळेत पालकसभेत कुणी म्हणालं की अमक्याला डोकं आहे आणि तमक्याला नाही, तर मी लगेच मान डोलवत नाही.

त्या नेमात एक दिवस उलटा आला. गुरुजींनी फळ्यावर 'वजाबाकी' लिहिलं आणि तिला विचारलं, "हा शब्द कुठला?"

"मराठी."

"वजा उर्दूतला, बाकी उर्दूतला. रक्कम, फरक, हिशेब, शिल्लक, एकेक काढून बघ. निम्मा बाजार तुमच्या घरचा आहे, बेटा." ती इतकी खूश झाली की मधल्या सुट्टीत आम्हा मुलांना अडवून विचारत होती, "सांग, मुदत म्हणजे काय? सांग ना, तुमची मराठी आहे ना?" आम्हाला अर्थ ठाऊक होता, पण तो दुसऱ्या शब्दांत सांगताना फजिती व्हायची.

वार्षिक परीक्षा केंद्रावर झाली. निकाल लागला त्या दिवशी आम्ही शाळेच्या मैदानात लिंबाखाली जमलो होतो. गणितात ती सगळ्यांत पहिली होती आणि एकूण नंबर चौथा. मराठीत जेमतेम पास. तिचे वडील निकालपत्र घेऊन गुरुजींपाशी आले, पण अजून त्यांचं मन होत नव्हतं.

"पास तर झाली. पण आठवीला मुलींच्या शाळेत जाणार. तिथं लफ्ज अडला तर?"

गुरुजींनी तिच्याकडं बघितलं.

"विचारीन ना, अब्बा," ती म्हणाली. "बाईंना विचारीन. नाहीतर बाजूच्या पोरीला."

"हसतील."

"हसू द्या की. हसून झालं की सांगतात."

वडिलांनी निकालपत्र उलटसुलट करून बघितलं. त्यांना ते वाचता येत नव्हतं. मग त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि ते स्वतःच्या खिशात न ठेवता तिच्या हातात दिलं. "जूनला नाव घालायला जाऊ," ते म्हणाले. "फॉर्म तू भर."