उंबऱ्याबाहेर बसणारी आक्का

मुलगी बघायला पाहुणे आले की घरातल्या बायका स्वयंपाकघराच्या दारातून माना लांब करून नवऱ्या मुलाचं तोंड बघतात. माझी आत्या मात्र उंबऱ्याबाहेर पायरीवर, जिथे पाहुण्यांनी चपला-बूट काढून ठेवलेले असायचे तिथे, गहू निवडत बसायची. आत पोहे, चहा, शेतीच्या गप्पा चालू असायच्या. बाहेर ही बया एकेक जोडा उचलून उलटा करायची, तळ बघायची आणि पुन्हा होता तसा ठेवायची. पाहुणे गेले की सगळे हिच्या तोंडाकडे बघत उभे. मग निकाल लागायचा.

ती सणसरला दिलेली, माझ्या वडिलांची थोरली बहीण. गाव तिला आक्का म्हणायचं म्हणून आम्हीही आक्काच म्हणायचो. आवाज खणखणीत, अंगाने किडकिडीत, आणि एकदा बोलली की ब्रह्मदेवाचंही ऐकायची नाही. "वरनं पॉलिश कुणीबी मारतं. उलटं करून बघ, मग बोल," हे तिचं ठरलेलं वाक्य. एकदा एक मुलगा टोकदार, चकाकणारे बूट घालून आला होता. आक्का म्हणाली, "ह्याला बायको नको, आरसा पायजे." संपलं स्थळ. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, बिचारे कुरकुरायचे, "अगं, चप्पल उलटी करू नये, घरात भांडणं लागत्यात." त्यावर आक्का म्हणायची, "आत्ताच लागू द्या की. लग्नानंतर लागण्यापरीस बरं."

माझ्या वेळीही तिला मुद्दाम आमच्या घरी बारामतीला बोलावून घेतलं होतं. आमचे हे त्या दिवशी बुटाची मागची बाजू टाचेखाली चेपून, सपाता घातल्यासारखे फटक फटक करत आले होते. मला तर रडू येईल असं वाटत होतं. आक्काने बूट बघितले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "आळशी हाय बघ. नाडी सोडायचाबी कंटाळा. पण आदळआपट करणारा न्हाय. हो म्हण." आज इतकी वर्षं संसार करून सांगते, यात एका अक्षराचा फरक पडलेला नाही. अशी दोन-चार लग्नं तिच्या शब्दावर ठरली आणि चांगली निघाली. मग काय विचारता! वालचंदनगरपासून तिला न्यायला गाड्या येऊ लागल्या. आक्का नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसून जायची. त्याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

मग शीलाचं लग्न निघालं. शीला म्हणजे आक्काची एकुलती एक मुलगी, माझ्याच वयाची. शेळगावचं स्थळ आलं. डाळिंबाची बाग, मुलगा एकटाच, बापलेक मध्यस्थाला घेऊन आले. त्या दिवशी मी तिथेच होते. आक्का मुलाच्या चपलेवर भाळलीच. जाड चामड्याची जुनी चप्पल, टाच दोन्हीकडून सारखी झिजलेली, तुटलेला अंगठा बारीक टाक्यांनी शिवलेला, वर तेलाचा हात. शेजारी बापाचे बूट होते, नवेच, पण एका बाजूला घासलेले, आत चिखल वाळलेला. "म्हातारा नखरेल दिसतोय," आक्का मला हळूच म्हणाली, "पण नांदायचं हाय पोराबरोबर. हा तुटलेलं फेकत न्हाय गं, शिवून वापरतोय. माझी शीला सुखात ऱ्हाईल."

मामा म्हणत होते, शेळगावात जाऊन चार लोकांना विचारू, मुलगा कसा आहे ते बघू. आक्काने त्यांना उडवूनच लावलं. "माणसं खोटं बोलत्याल. चप्पल कशाला बोलंल?" निघताना मुलगा अंगणातून जरा पाय ओढत चालला. आम्ही बायका हसलो, म्हटलं, लाजतोय.

लग्नानंतर शीला दर दिवाळीला माहेरी यायची. हसायची, आईच्या मागे मागे फिरायची, सासऱ्यांचं कौतुक सांगायची. नवऱ्याचं नाव निघालं की "बरे हायेत" म्हणून भांडी घासायला उठायची. आक्का आम्हाला अभिमानाने म्हणायची, "बघा, कधी एक तक्रार न्हाय." पुढे मामा वारले. त्यानंतर एका दुपारी शेळगावचे आबा, म्हणजे शीलाचे सासरे, स्वतः तिला घेऊन आले. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. नवऱ्याने दारू पिऊन पिरगाळून मोडला होता, आणि हे काही पहिल्यांदा घडलेलं नव्हतं.

आबा आत आलेच नाहीत. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, "आक्का, बघायला आलो त्या दिवशीची चप्पल माझी हुती. बूट पोराचे. तुमी काय बघता ते मध्यस्थाला ठाव हुतं, त्यानंच अदलाबदल करायला लावली. मला वाटलं, लगीन झालं की पोरगं सुधारंल. चुकलो मी. आता हिला हितंच ठिवा, परत धाडू नका."

आबा गेल्यावर आक्काने शीलाला एवढंच विचारलं, "मला का न्हाय सांगितलंस?"

शीला म्हणाली, "तुला न्यायला गाड्या यायच्या आई. आक्का स्वतःच्या पोरीच्याच बाबतीत फसली, असं लोक म्हणले असते. ते तुला सोसलं नसतं."

मी तिथे नव्हते, हे शीलानेच नंतर सांगितलं. ऐकून मला दोघींचाही इतका राग आला! आणि तेवढंच रडूही आलं. आईचं नाव राहावं म्हणून ही मुलगी मार खात राहिली. अशी माया कुणी करतं का?

आक्काने पुन्हा कुणाची चप्पल उचलली नाही. गाड्या आल्या तशा परत गेल्या. शीला बारामतीत शिवणकामाला जाऊ लागली, संध्याकाळच्या एसटीने परत यायची. आक्का तिच्यासाठी पाणी तापवायची, हाताला तेल चोळायची, ताट वाढून बसायची. शीला म्हणायची, "असू दे आई. तुझा काय दोष? माझं नशीब." दर वेळी हेच. त्या "असू दे"ने आक्का आतून खचत गेली. एकदा तिने माझा हात धरला. "ती मला दोन शिव्या का देत न्हाय गं? तू सांग तिला. शेजारीण चुकली तरी माणूस भांडतंय. मी तर आई हाय तिची." मी शीलाला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तिच्यावर कशी रागावू? बघ ना, केवढीशी झालीय ती."

गेल्या उन्हाळ्यात आक्काने अंथरूण धरलं. बारामतीच्या दवाखान्यातून घरी आणली, पण तिने खाणंच सोडलं. मी भेटायला गेले तेव्हा शीला वाटी-चमचा घेऊन तिच्या उशाशी बसली होती. आक्का तोंड मिटून पडलेली. "एक घास, आई. एकच." आक्का मान फिरवायची. किती वेळ हे चाललं. आणि एकाएकी शीलाने चमचा वाटीत आपटला.

"खा म्हणते ना! सगळं आयुष्य तुझंच ऐकलं मी! बाबा विचारून बघतो म्हणत हुते, त्यास्नी जाऊ दिलं न्हाईस. कोण मोठी पारख करणारी लागून गेलीस तू? माझं वाटोळं केलंस, आता मला टाकून चाललीस?"

मी दचकले. आक्काने डोळे उघडले, तिच्याकडे नीट बघितलं आणि तोंड उघडलं. शीलाने रडत रडतच घास भरवला. आक्काने तो गिळला आणि म्हणाली, "अजून बोल."

शीलाने डोळे पुसून पुढचा चमचा भरला. त्या दिवशी आक्काने वाटीभर पेज संपवली, आणि झोपताना शीलाचा तो मोडलेला हात आपल्या छातीवर ठेवून घेतला. त्याच आठवड्यात ती गेली.

मी सणसरला गेले की शीला चहा ठेवता ठेवता विचारते, "शेवटी शेवटी मी तिला काय काय बोलले गं. तिनं मनाला लावून घेतलं नसंल ना?"

मी सांगते, "अगं वेडे, तेवढंच ऐकायला ती थांबली होती."

ती मान हलवते. पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारते.