मान्यतेचा ब्लॅक बेल्ट

महाडमध्ये मी मुलींना तायक्वांदो शिकवते. माझा ब्लॅक बेल्ट एका पत्राने रद्द झाला. भांडणं होऊन जिल्हा संघटनेचे दोन तुकडे झाले, जुन्या संघटनेची मान्यता गेली आणि नव्या संघटनेने कळवलं, जुने बेल्ट ग्राह्य नाहीत, पुन्हा परीक्षा द्या. खाली नव्या अध्यक्षांची सही. तीच सही माझ्या जुन्या प्रमाणपत्रावर होती, सचिव म्हणून.

पत्र फाडूनच टाकणार होते. पण तुडील गावची माझी एक विद्यार्थिनी राज्य स्पर्धेची तयारी करत होती आणि प्रशिक्षकाचा बेल्ट ग्राह्य नसेल तर तिचा अर्ज घेणार नव्हते. म्हणून गेले.

परीक्षा पोलादपूरच्या एका मंगल कार्यालयात होती. अध्यक्ष ब्लेझर घालून स्टेजवर, नवरदेवाच्या खुर्चीत बसले होते. या माणसाला मी पंधरा वर्षं ओळखते. त्यांनी पाय उचललेला मी फक्त गाडीत चढताना पाहिलाय.

जुनं प्रमाणपत्र पुढे धरून मी विचारलं, "सर, ही सही तुमचीच ना?"

त्यांनी चष्मा लावला. "माझीच. पण तेव्हा मी त्या संघटनेत होतो."

"मग माझी किक तेव्हा खोटी होती का?"

"किकचा प्रश्न नाही, मॅडम. मान्यतेचा आहे."

शाळकरी मुलांच्या रांगेत उभं राहून मी ठरलेल्या सगळ्या हालचाली करून दाखवल्या. तेवढा वेळ अध्यक्ष फोनवर कुणाला तरी झापत होते. बॅनरवर त्यांचा फोटो लहान आला होता. फोन ठेवून म्हणाले, "उत्तम. पास." नापास केलं असतं तरी इतका अपमान वाटला नसता.

यादीत माझं नाव लागलं, मुलीचा अर्ज गेला. स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीत हरली. समोरची खरंच चांगली होती. परतताना एसटीत तिने विचारलं, "मॅडम, ते सायेब कधी खेळलेत का?"

"नाही."

"मग ते करतात काय?"

"कोण खेळाडू हाय आणि कोण नाय, ते ठरवतात," तिच्याच बोलीत मी सांगितलं.

ती सुजलेली नडगी चोळत बसली. सोमवारी मात्र वर्गाला सगळ्यांत आधी हजर होती.

नवं प्रमाणपत्र मी अजून आणलेलं नाही. सत्कार समारंभाला येऊन घेऊन जा, असा निरोप आहे. सत्कार अध्यक्षांचा आहे.