पिंजाऱ्याच्या अंगणातली वाट

गुलमंडीच्या मागं आमच्या मोहल्ल्यात एका पिंजाऱ्याचं घर होतं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्या अंगणाला दोन दारं, एक मोहल्ल्यात उघडणारं आणि दुसरं बाजाराकडं. दोन्ही दिवसभर उघडी असायची, आणि सगळा मोहल्ला त्या अंगणातूनच बाजारात जायचा. पुरुषमाणसानं दारात थांबून खाकरायचं आणि विचारायचं, "वाट आहे का?" आतल्या बायका आडोशाला झाल्या की चाचांचा आवाज यायचा, "हौ, आजाव." मग पिंजलेल्या कापसाच्या ढिगाला वळसा घालून पलीकडं.

पिशोर गावाहून शहरात नोकरीला आल्यावर मी त्याच मोहल्ल्यात भाड्यानं राहत होतो. संध्याकाळी घरी आलो की बायको माझ्या खांद्यावरचा कापूस झटकायची. म्हणायची, "असंच रोज आणत राहा, दिवाळीपर्यंत एक रजई होईल." चाचा मला बसवून घ्यायचे, चहा पाजायचे आणि मुलीची भूगोलाची वही पुढं करायचे. तिचा मराठवाडा नेहमी वाकडा यायचा. मी नगररचना कार्यालयात अनुरेखक, नकाशे काढणारा, म्हणून तो मी सरळ करून द्यायचो.

पुढं शहराच्या मध्यभागाचा नकाशा नव्यानं करायचं काम आलं. दुकानं कुठं, घरं कुठं, माणसं पायी कुठून जातात, सगळं मोजून कागदावर घ्यायचं होतं. आमच्या मोहल्ल्याची मोजणी नेमकी शुक्रवारी दुपारी निघाली. चाचा नमाजला गेलेले, घरात फक्त बायका, म्हणून दोन्ही दारांना आतून कडी. आठवड्यात तेवढा तासभरच ती वाट बंद असायची. मोजणीदारानं वहीत 'बंद' लिहिलं. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. तो वरिष्ठ होता आणि उन्हानं वैतागलेला. मी गप्प राहिलो.

त्या वहीवरून ट्रेसिंगच्या कापडावर शाई मीच चढवली. वाटेच्या जागी भिंतीची सरळ रेघ ओढली. सहीआधी साहेबांनी तिथंच बोट ठेवून विचारलं, "इथून पायवाट नाही ना?" मी म्हणालो, "नाही साहेब." रेघ ब्लेडनं खरवडावी लागली असती आणि कापड फाटलं असतं. कारण एवढंच होतं. याहून मोठं कारण असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

नकाशा मंजूर झाला. बाजाराकडच्या जागेवर दुकानांची इमारत आली आणि तिची मागची भिंत चाचांच्या दाराला चिकटून उभी राहिली. कागदावर वाटच नव्हती, मग तक्रार कशाच्या जोरावर करणार? मोहल्ल्याला वाटलं, चाचांनीच पैसे घेऊन वाट विकली. लोक त्यांच्याकडं गाद्या भरायला देईनासे झाले. पानटपरीवाला तर त्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "चाचा आता कापसावर कशाला झोपतील? नोटा भरल्यात गादीत."

एकदा टपरीवर सगळ्यांसमोर चाचा माझ्याकडं वळले. "तुम्ही तर कचेरीतले. सांगा ना यांना, मी कुठं सही केली का?"

मी म्हणालो, "बघतो." काही महिन्यांत आम्ही सिडकोत राहायला गेलो.

इतक्या वर्षांनी आता जुन्या बाजारात माणसांना पुन्हा पायी फिरता यावं म्हणून नवा आराखडा केलाय. हरकतींसाठी तो मांडलाय असं कळलं तेव्हा बघायला गेलो. जुन्या नकाशावरून उतरवलेली माझी रेघ तशीच होती.

मी चाचांच्या घरी गेलो. चाचा केव्हाच गेलेले. मुलगी आता शाळेत शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "अब्बा शेवटपर्यंत सांगायचे, साहेब बघतो म्हणालेत." मग म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग? मोहल्ल्यासमोर सांगा."

हरकतींच्या सुनावणीला मोहल्ल्यातले बरेच जण आले होते, टपरीवालाही. नोकरीभर मी लोकांच्या हरकती वहीत चढवल्या, स्वतःची ही पहिलीच. उभा राहून वाचली. समोरच्या तरुण अधिकारी बाईंनी नम्रपणे विचारलं, "मोजणीतली चूक, असं लिहू ना काका?"

मी म्हणालो, "नाही. अनुरेखकाला माहीत होतं, असं लिहा. आणि वाट घरमालकानं विकली नव्हती, हेही."

त्यांनी तसं लिहिलं, मी खाली सही केली. चाचांच्या मुलीनं कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि त्याची झेरॉक्स मागितली. टपरीवर लावायची आहे म्हणाली.