एक काना

मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि माझं मराठी भोपाळच्या अशोका गार्डनच्या गल्लीत वाढलेलं, हिंदीत कधी घसरेल सांगता येत नाही. एखाद्या माणसावर लिहायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. पण काकांनी दिलेलं एक उत्तर मी चुकीचं लिहून घेतलं होतं. ते कुठेतरी दुरुस्त व्हायला हवं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

"जे म्हटलं तेच लिही. तुला जे कळलं, ते नको."

हे त्यांचं वाक्य. म्हणताना पेनाच्या मागच्या टोकाने फॉर्मवर दोनदा टकटक करायचे. दिवसातून पाच-सहा वेळा ही टकटक ऐकावी लागायची.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला एका सर्वेचं काम मिळालं. इथल्या मोठ्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आणि शेजारच्या इंद्रपुरीत घरोघर जाऊन लोकांच्या श्वासाची माहिती गोळा करायची. खोकला किती दिवस टिकतो, जिना चढताना धाप लागते का, डॉक्टरांनी कधी दमा सांगितला आहे का, असे प्रश्न. काका आमचे सुपरवायझर. मूळचे नागपूरकडचे, कारखान्याच्या तपासणी विभागातून रिटायर झालेले. आयुष्यभर लोखंडाची मापं घेतली, आता माणसांची घेतो, असं म्हणायचे. टाउनशिपमधलं प्रत्येक दार त्यांना ओळखत होतं. "आ गए परीक्षा लेने!" असं म्हणत बायका दार उघडायच्या, आणि काका म्हणायचे, "पास तो सबको होना है, भाभी. फेल सिर्फ ये लड़का होगा."

हा लड़का म्हणजे मी.

पहिल्याच आठवड्यात मी नापास झालो. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजी म्हणाल्या, "जिन्यात दम लागतो रे बाबा." मी 'दमा' या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं. खाली येताना जिन्याच्या वळणावर काकांनी फॉर्म मागितला आणि टकटक केली.

"काय म्हणाल्या आजी?"

"दम लागतो म्हणाल्या."

"मग दमा कुठून आला? एका कान्याने तू बाईला आजारी करून टाकलंस ना बाप्पा! दम लागतो ते त्या सांगतील, दमा आहे ते डॉक्टर सांगेल. तू कोण?"

मी खिशातून खोडरबर काढला. त्यांनी तो घेतला आणि कायमचा आपल्या खिशात टाकला. त्यांच्या फॉर्मवर खोडाखोड चालत नसे. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची. "चूकसुद्धा वाचता आली पाहिजे," ते म्हणायचे. मग मला परत वर पाठवलं, आजींना पुन्हा नीट विचारून यायला. स्वतः वळणावरच थांबले.

ते वळणावर नेहमीच थांबायचे. प्रत्येक जिन्यात, प्रत्येक मजल्यावर. कठड्याला टेकून म्हणायचे, "दाखव फॉर्म." एकेक रकाना बोट ठेवून पाहायचे. इतर टोळ्यांचे सुपरवायझर संध्याकाळी एकदाच फॉर्म बघत. आमचे काका दर वीस पायऱ्यांना बघत. मी घरी आईला कौतुकाने सांगायचो की असा काटेकोर माणूस मी पाहिला नाही.

श्वास मोजायला आमच्याकडे एक नळी होती. जोरात फुंकायचं, की काटा पुढे सरकायचा. तिला सगळे फुंकणी म्हणायचे. प्रत्येक घरात आधी फुंकून दाखवावं लागे. ते काम काकांनी कधी केलं नाही. "तूच फुंक. तुझं तोंड मोठं आहे, काटा घाबरतो," म्हणायचे. घरातली मुलं हसायची. मीही गाल फुगवून हसवायचो.

भोपाळात श्वासाबद्दल विचारलं की वयस्क माणसं बऱ्याचदा गॅसच्या त्या एकाच रात्रीबद्दल बोलायला लागतात. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. काका म्हणायचे, मागची बाजू कोरी आहे, तिथे लिही. ऑफिसातल्या मॅडम एकदा म्हणाल्या, "काका, हे कंप्युटरमध्ये चढत नाही." काका म्हणाले, "नका चढवू. पण माणूस बोलत असताना आपण पेन खाली ठेवलं, असं नको व्हायला."

बंद घराला तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन यायचं, मगच 'कुलूप' लिहायचं, असा नियम होता. मला कंटाळा यायचा. "काहून रे, दोनदा जाऊन आलास म्हणजे घरात कुणी राहत नाही का?" एवढंच म्हणायचे, की मी निमूट निघायचो. हळूहळू मला या कामाची गोडी लागली. हिवाळ्यापर्यंत माझ्या फॉर्मवर टकटक जवळपास बंद झाली होती. कॉलेजात प्राध्यापक ज्याला डेटा कलेक्शन म्हणतात, ते मला येतं, असं वाटायला लागलं होतं.

आणि तेव्हाच ते झालं.

हिवाळ्यात नवा, लांब फॉर्म आला. सरावासाठी आम्ही एकमेकांनाच प्रश्न विचारत होतो. काका सगळ्यांची गंमत करत होते. एकाला त्यांनी वय बारा सांगितलं, दुसऱ्याला बायका आठ. पोरं पोट धरून हसत होती. मग माझी पाळी आली. मी विचारलं, "जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का?"

"लागतं," काका म्हणाले. "दोन मजल्यांत तीनदा."

सगळे हसले. मीही हसलो, आणि 'नाही' वर खूण केली.

त्यांनी फॉर्म हातात घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिले. टकटक केली नाही.

"मी काय म्हटलं होतं?"

"तुम्ही मस्करी करत होता ना, काका?"

मला वाटलं, आता आडवी रेघ मारायला लावतील. पण म्हणाले, "असू दे. सरावाचाच आहे. ठेव तुझ्याजवळ." सबंध सर्वेत त्यांनी दुरुस्त न करवलेला तो एकच रकाना.

तुम्ही हे वाचताय, तुम्हाला केव्हाच कळलं असेल. मी रोज त्यांच्याबरोबर जिने चढत होतो, मला कळलं नाही. वळणावरचं थांबणं मी काटेकोरपणा म्हणून मनात लिहून ठेवलं होतं, फुंकणी मस्करी म्हणून. दोन्ही त्यांनी म्हटलेलं नव्हतं, मला कळलेलं होतं.

सर्वे संपला. शेवटच्या दिवशी काका आले नाहीत. त्यांच्या फॉर्मांचा गठ्ठा कुणीतरी आणून दिला, दोरीने नीट बांधलेला. माझी परीक्षा आली, सुट्ट्या आल्या. दोन-तीनदा फोन लावला, बंद होता. पुढच्या हिवाळ्यात कॉलेजने मला प्रोजेक्ट दिला, घरोघर जाऊन माहिती घेण्याचाच. मला वाटलं, हे काकांना स्वतः जाऊन सांगावं. इतके दिवस बरोबर हिंडलो, पण त्यांचं घर मी पाहिलं नव्हतं. इंद्रपुरीत पत्ता विचारत गेलो. दुसऱ्या मजल्यावर कुलूप होतं. जिन्याच्या वळणावर एक स्टूल ठेवलेलं होतं; त्यावर बसून थोडा वेळ वाट पाहिली. चार दिवसांनी पुन्हा गेलो. कुलूप.

तिसऱ्यांदा गेलो ते रविवारी सकाळी. तिसऱ्यांदा जायचं हे त्यांनीच शिकवलं होतं.

दार त्यांच्या मुलीने उघडलं. ती जबलपूरहून सामान आवरायला आली होती. मी काकांबरोबर सर्वेला होतो असं सांगितलं. तिने मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं की बाबा दिवाळीआधीच गेले.

"फुप्फुसं पार गेलेली होती," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, हे दोन-तीन वर्षांचं आहे. आम्हाला पत्ताच नाही. सांगितलं असतं तर आम्ही त्यांचं फिरणं बंद केलं असतं, म्हणून बोलले नसतील. जिन्यातलं ते स्टूल आहे ना, आम्हाला वाटायचं पेपर वाचायला ठेवलंय." तिने माझा रिकामा ग्लास उचलला. "एकदा तरी कुणाजवळ म्हणायचं होतं हो त्यांनी."

माझ्या पिशवीत प्रोजेक्टची फाइल होती, आणि तिच्यात नमुना म्हणून ठेवलेला तो सरावाचा फॉर्म.

"म्हणाले होते," मी म्हटलं. "माझ्याजवळ."

"काय म्हणाले?"

मी त्यांनी म्हटलं होतं तेच सांगितलं. "लागतं. दोन मजल्यांत तीनदा."