मामाची टोपी

पडेगावच्या द्वारकाबाईला एका शब्दाची भयंकर चीड होती, येडा. तिचा नवरा पुंजाराम सोळा वर्षं त्याच नावानं ओळखला जायचा. पोरांचं सोडा, पण गिरणीवालासुद्धा त्यांच्या दळणाच्या डब्यावर खडूनं 'येडा' लिहायचा. का, तर गल्लीत पुंजाराम तीन! द्वारकाबाई ती अक्षरं पदरानं पुसायची आणि गिरणीवाल्याला फैलावर घ्यायची. पुढच्या दळणाला पुन्हा तेच. डोकं आपटावं तरी कुठं आपटावं माणसानं?

शेवटी घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या लागू पडल्या. पुंजाराम नीट जेवू लागला, म्हशीची धार काढू लागला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येडा म्हणू देऊ नका. मनाचा आजार आहे, असं सांगा." द्वारकाबाईनं दारोदार सांगितलं. शेजारच्या आक्काबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी येडाच ना गं?" नवा शब्द नेला काय आणि जुना ठेवला काय, लोकांच्या तोंडची थुंकी तीच!

मग गंगापूरच्या नणंदेनं पोरीचं लग्न काढलं. आपल्याकडं लग्न लागायच्या आधी मांडवात माइकवरून एकेकाचं नाव पुकारतात, टॉवेल-टोपी देतात. त्यात मामाचा मान मोठा. पण थोरल्या भाचीच्या वेळी पुंजारामला पुकारलंच नव्हतं, टोपी गपचूप पिशवीत घातली होती. तो अपमान द्वारकाबाई विसरली नव्हती. ती नणंदेच्या नवऱ्याकडं, सूर्यभानकडं, तीनदा जाऊन आली.

"भाऊजी, औंदा पुकारायचं. अन् सरळ नावानं."

"व्हय बाई, लिवलंय यादीत. किती डोकं खाताल!"

लग्नात माइक खरंच बोलला, "नवरीचे मामा, पुंजाराम आसाराम, पडेगाव!"

पुंजाराम हलला नाही. दुसराच कुणी पुंजाराम उठतोय का, म्हणून तो मागं वळून बघत राहिला. पुन्हा पुकारलं. तरी तो बसलेलाच. टोपी धरलेला माणूस पुढच्या पाहुण्याकडं वळला, तशी बायकांत बसलेल्या द्वारकाबाईला राहवलं नाही. ती उभी राहून ओरडली,

"आवं, उठा की! येड्यावानी काय बसलात!"

पुंजाराम लगेच उठला. टोपी घालून घेतली, हात जोडले आणि हसून तिच्याकडं बघितलं.

द्वारकाबाई खाली बसली. परवा दळण न्यायचं होतं. गिरणीवाल्याला आता ती कुठल्या तोंडानं बोलणार होती?