भैरवीआधी उठणारे काका

वर्तकनगरच्या आमच्या संगीत मंडळाच्या मैफलीला ते काका न चुकता येतात. कोपऱ्यातली खुर्ची, मांडीवर पिशवी, डोळे मिटलेले, आणि सम आली की फक्त एक "हं." भैरवीने मैफल संपते, पण भैरवीचे सूर लागले की हे दाराशी चपला शोधत असतात. एकदा विचारलं, तर म्हणाले, "संपलेलं गाणं घेऊन घरी जावंसं वाटत नाही रे." मला नीट कळलं नाही.

परवा गायिकेचा घसा बसला. भैरवी न गाताच तिने हात जोडले. हॉल रिकामा झाला, मी खुर्च्या रचल्या, तरी काका बसूनच.

"काका, संपलं."

"असं कसं? भैरवी कुठे झाली?"

मी रचलेली एक खुर्ची परत काढली आणि त्यांच्या शेजारी बसलो. कशाची वाट बघत होतो, कुणास ठाऊक.