तिसरीचं विज्ञान, वर तर्री

माझ्या मुलीचा तिसरीतला विज्ञानाचा प्रयोग मी मिसळीत घालून खाल्ला. चवीला उत्तम होता.

आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. त्या रविवारी बायको, म्हणजे वैदेही, करोल बागेत खरेदीला गेली होती. जाताना म्हणाली, "जेवणाचं बघ रे." आता जानेवारीतली दिल्ली, बाहेर धुकं, मराठी माणसाला मिसळीशिवाय काय सुचणार? पण इथल्या थंडीत मटकीला मोड येतच नाहीत. (पुण्याहून आणलेली मटकी डब्यात कुडकुडत पडून असते.) आणि बघतो तर काय, फ्रिजच्या मागे, उबेला, वाडगाभर मटकी ओल्या रुमालात बांधलेली! लांबसडक मोड! वैदेहीबद्दल मला अगदी भरूनच आलं.

दणक्यात फोडणी दिली. वासासरशी शेजारचे चोप्राजी हजर.

"भाईसाब, ये दाल तो कमाल है!"

"दाल नहीं जी, मिसळ!" मी ताठ मानेने म्हणालो.

आमची मुक्ता, वय वर्षं आठ, एरवी मटकी बाजूला काढणारी. त्या दिवशी तिनं पुन्हा मागून खाल्ली. "बाबा, एकदम बेस्ट! आईपेक्षा भारी!" मी धन्य झालो. मग बोटं चाटत ती चमचाभर पाणी घेऊन फ्रिजमागे गेली आणि रिकामा रुमाल घेऊन परत आली.

"बाबा, फ्रिजमागची माझी मटकी कुठाय?"

चोप्राजींचा घास तोंडाशीच थांबला.

"कसली मटकी?" मी विचारलं. (रश्श्याने माखलेला डाव हातात धरून!)

"माझं एक्सपेरिमेंट! उद्या वर्गासमोर दाखवायचंय. सगळ्यांना एकेक मोड द्यायचा होता. आठवडाभर पाणी घालत होते मी!" आणि तिला आठवलं की ती स्वतः काय खाऊन बसली आहे. "मीपण खाल्लं!" असं म्हणून तिनं असं भोकाड पसरलं, की खालच्या मजल्यावरचा कुत्राही सुरात सूर मिळवू लागला. मला फार वाईट वाटलं.

"रडू नको, बाबा आहे ना!" असं म्हणून मी डब्यातली कोरडी मटकी विजेच्या किटलीत टाकली. कोमट पाण्यात मोड लवकर येतील, हा विचार. बटण बंद करायला विसरलो. मटकी उकडून निघाली. चोप्राजींनी ती हळूच चाखली. "इसमें प्याज डाल दें?"

मी डोळे वटारले. त्यांना लाज वाटली असावी. धावत घरी जाऊन ते बायकोच्या डाएटची मोड आलेली कडधान्यं घेऊन आले. त्यात लिंबू, चाट मसाला आणि डाळिंबाचे दाणे. मी तीन पाण्यांनी धुतली.

"बाबा, हे मूग आहेत. हिरवे. माझी मटकी ब्राउन होती."

"मोड आल्यावर रंग बदलतो म्हणून सांग."

"म्हणजे टीचरला खोटं सांगू? आणि यातून चाटचा वास येतोय!"

तेवढ्यात वैदेही आली. तिनं रुमाल पाहिला, किटली पाहिली, पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा पाहिला. "तुला मी भात लावायला सांगत होते रे," ती म्हणाली. "आणि मुक्ते, तू उद्या जे झालं ते खरं सांग. रडायचं नाही, बिल्कुल."

रात्रभर मला झोप नाही. पोर वर्गासमोर हात हलवत उभी राहणार, आणि तेही माझ्यामुळे!

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर सुटून शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. मुक्ता उड्या मारत आली. मागून तिच्या टीचर आल्या, आणि मला बघताच तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"फर्स्ट आले! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टीचर म्हणाल्या, निष्कर्ष माझाच सगळ्यात भारी."

"काय सांगितलंस?"

"बीज को उगने के लिए तीन चीज़ें चाहिए. पानी, हवा, गर्मी. और एक चीज़ बिल्कुल नहीं चाहिए. पापा!"